दगड नेणाऱ्याचं नाव

वडील फेब्रुवारीत गेले. जूनच्या दुसऱ्या शनिवारी सान आंद्रेसला बस जाणार असल्याचा कागद आमच्या गावच्या चर्चच्या दारावर लागला, तेव्हा मी दोन जागा सांगून ठेवल्या. एक माझी, एक त्यांची. यात कुणाला नवल वाटलं नाही. जिवंतपणी जो तेइशिदो गावातल्या सान आंद्रेस या संताच्या यात्रेला गेला नाही, त्याला मेल्यावर जावंच लागतं. आणि एकटा निघाला तर सरडा होऊन, बेडूक होऊन, डोंगर ओलांडत वर्षानुवर्षं. म्हणून आमच्याकडे घरचं माणूस त्याला बरोबर घेऊन जातं. बसमध्ये त्याची जागा धरतात, जेवताना त्याचं ताट मांडतात. त्या शनिवारी आमच्या बसमध्ये अशा सहा जागा रिकाम्या होत्या.

आदल्या संध्याकाळी मी दफनभूमीत गेले. तिथल्या शवपेट्यांच्या भिंतीत वरून दुसऱ्या रांगेत वडिलांचा खण आहे, आईच्या शेजारी. संगमरवरावर बोटांनी वाजवलं आणि म्हटलं, “बाबा, उद्या सकाळी साडेआठला निघायचंय. तयार राहा.” मी पंचवीस वर्षं वाचनालयात काम करते. दगडाशी बोलून उत्तराची वाट पाहणाऱ्या बायकांबद्दल मी पुष्कळ वाचलेलं आहे. तरी मी थोडा वेळ थांबले.

बाकीच्या पाच जणांचं जायचं राहून गेलं होतं. माझ्या वडिलांचं राहून गेलं नव्हतं. ते एकोणऐंशी वर्षं जगले, तेइशिदोपासून दोन तासांच्या अंतरावर जगले, आणि ठरवून गेले नाहीत. का गेले नाहीत ते मला जानेवारीत कळलं.

ते स्वयंपाकघरात सूपासाठी भाजी चिरत बसले होते. मी वर्तमानपत्रातलं काहीतरी तेइशिदोच्या वाटेवरच्या कापेलादाच्या डोंगराबद्दल वाचून दाखवत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि सांगायला लागले. एकोणिसाव्या वर्षी ते त्या डोंगरावर रस्त्याच्या कामाला होते. त्याआधी तेइशिदोला पायी जावं लागे, नाहीतर गाढवावरून. रस्त्याला खडी हवी होती आणि सुरुंगाची दारू दोन आठवडे आली नव्हती. मुकादमानं बोट दाखवलं. पायवाटेच्या कडेला पुरुषभर उंचीचा दगडांचा ढीग होता. सगळे मुठीएवढे, वेचून आणल्यासारखे. ते वेचूनच आणलेले होते. सान आंद्रेसला जाणारा प्रत्येक जण वाटेत एक दगड त्या ढिगावर ठेवायचा. शेवटच्या दिवशी, न्यायाच्या वेळी, ते दगड बोलणार असतात: अमुक अमुक आला होता, त्यानं शब्द पाळला. टोळीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. तिघांनी मिळून तीन दिवसांत ढीग ट्रकमध्ये भरला.

तिसऱ्या दिवशी तेइशिदोहून एक बाई वर आली. बराच वेळ उभी राहिली. मग एकेकाला नाव विचारू लागली. बाकीचे दोघे ट्रकच्या पलीकडे गेले. वडील हातात फावडं घेऊन समोरच सापडले. त्यांनी नाव सांगितलं: कासियानो, मुरास गावचा.

कासियानो त्यांचा मित्र. त्याच टोळीत कामाला, पण त्या आठवड्यात तापानं घरी पडलेला. बाईनं ते नाव पाठ करून घेतल्यासारखं पुटपुटलं आणि उतरून गेली. पुढच्या वर्षी कासियानो कराकसला बांधकामावर गेला. चोविसाव्या वर्षी तिथं त्याच्या अंगावर भिंत पडली.

चार पुस्तकं वाचलेल्या माणसानं जे म्हणायचं ते सगळं मी म्हटलं. कच्चं सिमेंट, घाईचं काम, अशा किती भिंती पडल्या त्या शहरात. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “भिंत कशानं पडली ते मी म्हणतच नाही. नाव मी दिलं होतं, एवढंच म्हणतोय.” मग चला, मी गाडीनं नेते, तिथं जाऊन खरं नाव सांगा, असं मी म्हटलं. “कुठल्या तोंडानं जाऊ?” एवढं बोलून त्यांनी सुरी पुन्हा उचलली. सहा आठवड्यांनी ते गेले.

तेव्हा मी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. त्यांना न्यायचं, आणि तिथं त्यांचं नाव सांगायचं. नुसतं नेऊन भागणार नव्हतं.

बसमध्ये माझ्या मागच्या जागेवर बालबिना आत्या होती, वडिलांची धाकटी बहीण. तिला दगडांचं काही माहीत नव्हतं. तिनं नऊ वर्षांपूर्वी आपल्या नवऱ्याला नेऊन पोचवलं होतं, आणि ते काम नीट पार पडल्याचा तिला अभिमान होता. नियम तिनंच मला शिकवले. बसमधून उतरताना मेलेल्याला सांगायचं, चढताना सांगायचं. त्याच्या जागेवर पिशवी ठेवायची नाही. वाटेत सरडा, किडा, काहीही दिसलं तरी पाय जपून टाकायचा, कारण ते कुणीतरी चाललेलं असतं.

सेदेइराच्या बंदरावर कॉफीसाठी बस वीस मिनिटं थांबली. मी म्हटलं, “बाबा, चला, कॉफी घेऊ,” आणि आम्ही तिथल्या बारमध्ये खिडकीपाशी बसलो. निघताना वाचनालयातून फोन आला. किल्ली सापडत नव्हती. ती तिसऱ्या कपाटात आहे हे समजावत मी बसमध्ये चढले आणि फोन बंद केला तेव्हा बस चढणीला लागली होती.

चार-पाच किलोमीटर गेल्यावर आत्या मागून वाकली. “काय गं, तुझ्या बापाला, देल्मीरोला, चढवलंस ना?”

मी शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तेवढ्यानं तिला कळलं.

मग ते अख्ख्या बसला कळलं. एकीचं म्हणणं, मेलेल्यांना सगळं कळतं, तो आपला आपण चढला असेल. दुसरीनं ते उडवून लावलं. तिच्या जावेच्या सासऱ्याला लोक पेट्रोल पंपावर विसरून आले होते, आणि पुढं दोन वर्षं त्या घरात एक काम धड झालं नाही. आत्यानं तर भावाची बाजू घ्यायची सोडून दिली. “बारमध्ये बसवून आलीस त्याला? मग झालंच की. जिवंतपणी वहिनी बोलवायला जायची तेव्हा कुठं उठायचा. आणि खरं सांगू का, त्याला यायचंच नव्हतं. बरोब्बर संधी साधली बघ.”

सगळे हसले. मी हसू शकले नाही, कारण तिनं नेमकं तेच म्हटलं होतं जे माझ्या मनात होतं.

मी पुढं गेले आणि सेराफीनला, आमच्या ड्रायव्हरला, गाडी थांबवायला सांगितलं. या रस्त्यावर बस वळवता येत नाही, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं. वळव म्हणून कुणी सांगितलंय, नुसतं दार उघड, असं मी म्हटलं.

“ताई, मेलेला माणूस आहे. पळून जातोय का कुठं?”

“साठ वर्षं तेच केलंय त्यांनी.”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि दार उघडलं. पाच वाजता तेइशिदोहून बस सुटेल, कुणासाठी थांबणार नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. आत्यानं खिडकीतून आपली काठी आणि माशाच्या सारणाच्या पोळीचा अर्धा तुकडा खाली दिला. माझ्या बुटांकडे पाहून तोंड वाकडं केलं. मग बस वळणाआड गेली.

साडेदहा वाजले होते. उतारावर तासभर लागला. निलगिरीच्या झाडांतून समुद्र अधूनमधून दिसत होता, पण मी पाहत नव्हते. बारमध्ये आता पत्ते खेळणारी चार माणसं होती आणि खिडकीपाशी कुणी नव्हतं. बारवाल्यानं विचारलं, काही राहिलं का.

“वडील,” मी म्हटलं.

“खिडकीपाशी?” त्यानं पेला पुसणं थांबवलं नाही. “तिथं ऊन येतं. सगळे तिथंच बसतात.”

मी टेबलापाशी उभी राहिले. पत्तेवाल्यांनी आवाज कमी केला. मला वाटलं होतं, मला लाज वाटेल. वाटली नाही. मी म्हटलं, “बाबा, चला. नाव मी सांगीन. तुम्ही फक्त उभं राहायचं.” आणि ते उठले असं धरून मी दार उघडून धरलं, एका माणसाला बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

आम्ही चालायला लागलो. त्यांचा डावा कान दहा वर्षांपासून गेला होता, म्हणून मी त्यांच्या उजव्या बाजूनं चालत होते.

संध्याकाळी मी दिवसभरात वाचलेलं त्यांना सांगायचे, हा आमचा जुना परिपाठ. ते ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, “आणि हे लिहिणारा कधी तिथं गेला होता का?” त्या रस्त्यावर मी तेच केलं. मी सांगितलं की तुम्ही ज्याची खडी केलीत तो काळा-हिरवा दगड जमिनीवरचा नाहीच. तो पृथ्वीच्या पोटातला आहे. माणूस जिथं कधी पोचणार नाही तिथून वर ढकलला गेलेला, माशांना काटे यायच्या आधीचा. त्यामुळं इथल्या मातीत धड काही पिकत नाही. तोशोची काटेरी झुडपं उगवतात, आणि ती खाऊन खाऊन इथल्या मोकाट घोड्यांच्या वरच्या ओठावर मिशा आल्यात. ते मी सांगत असतानाच चार घोडे धुक्यातून रस्त्यावर आले. एका घोडीला खरोखरच हवालदारासारखी मिशी होती. ती आमच्याकडे पाहत उभी राहिली, मग बाजूला झाली. दोन माणसांना पुरेल एवढी.

चढण संपली तशी झाडं संपली. वारा आला. धुकं वर-खाली होत होतं. एका घटकेला पुढची दहा पावलं दिसायची, दुसऱ्या घटकेला डाव्या हाताला जमीन तुटून सहाशे मीटर खाली पडलेली दिसायची आणि तळाशी समुद्र, इतका खाली की लाटेचा आवाज वर पोचत नव्हता. कड्याच्या टोकाला दगडी खोपट आहे. तिथं बसून पहारेकरी इंग्रजांच्या जहाजांवर नजर ठेवायचे. तेही मी सांगितलं. आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या एका मृत्युपत्राचं सांगितलं, त्यात एका बाईनं लिहून ठेवलंय की माझ्या वतीनं एका माणसाला सान आंद्रेसला पाठवा. म्हणजे तेव्हाही लोकांचं राहून जायचं, तेव्हाही दुसरं कुणीतरी जायचं. रस्त्याच्या कडेला खडकाच्या फटीत नामोराची गुलाबी फुलं होती. मुली ती प्रेमासाठी नेतात. आईनं आणली होती का कधी, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलेलं होतं. तेवढा एक प्रश्न मी विचारला आणि चालत राहिले.

एक सरडा डांबरावर ऊन शोधत होता. मी वळसा घालून गेले.

दोनच्या सुमाराला मागून पांढरी व्हॅन आली आणि सावकाश होऊन थांबली. चालवणारा पन्नाशीचा, मागं दोरखंड आणि मिठाचे गोळे. घोड्यांकडे चालला होता. त्यानं नाव सांगितलं लिसार्दो, राहणार तेइशिदो. धुक्यात एकट्या कुठं चाललात, बसा, म्हणाला.

“एकटी नाही. दोघं आहोत.”

त्यानं मान हलवली आणि पुढच्या जागेवरचं जाकीट मागं टाकलं. “त्यांना पुढं बसू द्या. मागं मिठाचा वास येतो, म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही.”

मला तो माणूस आवडला. आवडला म्हणूनच मी विचारलं, की या वाटेवर पूर्वी एक मोठा दगडांचा ढीग होता, तो नेमका कुठं होता.

“कासियानोनं नेला तो?” तो सहज म्हणाला.

मी काठीवर दोन्ही हात ठेवले. त्यानं पुढं सांगितलं ते असं: ती जागा हीच, पन्नास पावलं मागं, जिथं गवत अजून आखूड आहे. ज्या बाईनं नाव विचारलं होतं ती त्याची आजी, एउदोसिया. तिचा नवरा पेर्सेबे, म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे खायचे समुद्री जीव, काढताना लाटेनं नेला होता, आणि प्रेत मिळालं नव्हतं. त्याच्या नावाचा दगड तिनं या ढिगावर ठेवला होता. पुरायला दुसरं काही नव्हतंच. मरेपर्यंत रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत ती मुरासच्या कासियानोचं नाव घ्यायची, आणि ते आशीर्वादासाठी नव्हे. आता गावात कुणाची कोंबडी हरवली, गॅसचं सिलिंडर वेळेवर आलं नाही, तरी म्हणतात, कासियानोनं नेलं. पोरांना तर वाटतं कासियानो म्हणजे कुणी भूत आहे.

बसमध्ये मी खरं नाव सांगायचं वाक्य मनात किती वेळा म्हणून पाहिलं होतं. ते चर्चमध्ये म्हणायचं होतं, पाठ केल्यासारखं, अंधारात. इथं उघड्या रस्त्यावर म्हणावं लागेल असं वाटलं नव्हतं.

“कासियानो नव्हता तो. त्या दिवशी तो तापानं घरी होता. माझ्या वडिलांनी नेला ढीग, आणि नाव त्याचं सांगितलं. देल्मीरो. हे.” मी डाव्या बाजूला हात केला.

लिसार्दोनं गाडीचं इंजिन बंद केलं. मी दाखवलेल्या जागेकडे तो पाहत राहिला, जसं एखाद्या माणसाकडे पाहतात तसं, पायापासून वर.

“आणि तो दुसरा? मुरासचा?”

“कराकसला भिंतीखाली मेला. चोवीस वर्षांचा होता.”

त्यानं क्रूसाची खूण केली. एक घोडा कुठंतरी खिंकाळला.

“आजी फार कडक प्रार्थना करायची,” तो शेवटी म्हणाला. “ती सगळी भलत्याच घरी गेली म्हणायची.”

“वडिलांनाही तसंच वाटायचं.”

“म्हणून आणलंत त्यांना? माफी मागायला?”

मी म्हटलं, माफीचं मला माहीत नाही. नाव दुरुस्त करायला आणलंय.

त्यानं त्यावर विचार केला. मग म्हणाला, “दगड फोडला म्हणून मुका होत नाही. या डांबराखाली आहेत ते सगळे. एकाचे दहा झालेत. त्या दिवशी बोलायला लागतील तेव्हा कोण कोण आलं ते सांगतील, आणि कुणी फोडलं तेही सांगतील. तेव्हा तुमचा बाप हजर पाहिजे. न्या त्याला.” त्यानं किल्ली फिरवली. “तुम्ही बसा गाडीत. पण तो चालेल.”

“ते चालणार असतील तर मीही चालेन.”

“मर्जी तुमची,” लिसार्दो म्हणाला, आणि गेला. घोड्यांकडे नाही. त्यानं गाडी वळवली नव्हती, पण पुढच्या फाट्यावर ती समुद्राच्या बाजूला, तेइशिदोकडे उतरताना मला दिसली.

आम्ही उरलेलं अंतर डांबर सोडून कडेच्या गवतावरून चाललो. गवत ओलं होतं आणि आत्यानं बुटांबद्दल तोंड वाकडं केलं होतं ते बरोबरच होतं.

तेइशिदो म्हणजे उतारावर चिकटलेली वीसेक घरं, चुन्यानं सांधे रंगवलेलं चर्च, आणि त्याखाली सरळ समुद्र. चारला मी पहिल्या घरापाशी पोचले. रंगवलेल्या कणकेच्या बाहुल्या विकायची टेबलं मांडलेली होती, पण टेबलांमागं कुणी नव्हतं. सगळे चर्चच्या दारात होते. गावातले आठ-दहा जण, पुढं लिसार्दो आणि त्याच्याशेजारी काळ्या कपड्यातली त्याची म्हातारी आई. आमच्या बसमधले लोक जरा बाजूला, काय चाललंय ते न कळून. आत्या माझ्याकडे तरातरा आली.

“आला का?”

“आले.”

“काय माणूस आहे,” ती माझ्या डावीकडच्या हवेला म्हणाली. “सत्तर माणसांना खोळंबवतोस? आणि ही गावातली माणसं का जमलीत? पाणी सुद्धा विचारत नाहीत. काय केलंयस तू?”

“आत चल,” मी म्हटलं. “सांगते.”

चर्च लहान आहे. भिंतीवर लोकांनी वाहिलेले मेणाचे हात, पाय, डोकी टांगलेली असतात. आम्ही आत गेलो तसे गावकरी मागोमाग आले, आणि त्यांच्यामागं बसमधले. सान आंद्रेस समोर, सोनेरी, नेहमीसारखा गर्दीला सरावलेला. मी वडिलांना पुढं उभं केलं. म्हणजे मी एक पाऊल मागं राहिले.

“हे देल्मीरो रोउको फेल्पेतो,” मी म्हटलं. “माझे वडील. एकोणीस वर्षांचे असताना यांनी डोंगरावरचा दगडांचा ढीग ट्रकमध्ये भरला. नाव विचारलं तेव्हा मुरासच्या कासियानोचं सांगितलं. कासियानो तिथं नव्हता. तो तापानं घरी होता.” आवाज ‘तापानं’पर्यंत ठीक होता. “हे स्वतः येऊन सांगायचं त्यांना जमलं नाही. मी सांगतेय. आता हे इथं आहेत.”

सेराफीननं टोपी काढलेली होती.

मग आत्या पुढं आली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं ती मला बोलेल, सगळ्यांसमोर भावाची अब्रू घालवलीस म्हणून. ती सान आंद्रेसकडेच पाहत म्हणाली, “त्या वर्षी रस्त्याच्या कामावरून येताना त्यानं मला बूट आणले होते. माझे पहिले. ते मी घातलेत. तेही लिहून घ्या.” आणि माझ्याशेजारी उभी राहिली.

लिसार्दोच्या आईनं घसा साफ केला. तिला माझ्या वडिलांशी बोलायचं नव्हतं. तिनं मला विचारलं, “ओलाइयाला सांगितलंस का हे?”

कोण ओलाइया, ते मला ठाऊक नव्हतं.

“मुरासची. कासियानोची बहीण. दरवर्षी येते, सप्टेंबरात. एकटी येते. तिची आई मेली तेव्हा आईला घेऊन आली, बापाला घेऊन आली. भावाला कधी आणलं नाही. मीच एकदा विचारलं, तर म्हणाली, त्याला कसं आणू, इथं त्याचं नाव काय कामासाठी घेतात ते ऐकलंय मी.” म्हातारीनं हातातल्या रुमालाची घडी केली. “आम्ही तिच्यासमोरच म्हणायचो. कासियानोनं नेलं.”

“तिला वाटतं, खरंच तिच्या भावानं नेला?” मी विचारलं.

“दुसरं काय वाटणार? आम्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल.”

वडिलांनी जानेवारीत मला सगळं सांगितलं होतं, पण बहिणीचं सांगितलं नव्हतं. त्यांना ती आठवतही नसेल. किंवा आठवत असेल, आणि सांगण्यासारखं जेवढं होतं त्याची हद्द तिथं संपली असेल. मला ते आता कधी कळणार नाही. भिंत पडल्यापासूनची वर्षं मी मोजली. पन्नासहून जास्त सप्टेंबर ती बाई या उतारावरून खाली उतरली होती आणि भावाला घरी ठेवून आली होती.

मी पुढच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. त्यांना काय म्हणायचं ते मी वाटेत ठरवून ठेवलेलं होतं, निरोपाचं, थोडंसं. ते मी म्हटलं नाही. “तुम्ही इथं थांबा,” एवढंच म्हटलं. “हे तुमचं झालं. माझं एक काम राहिलंय.”

बाहेर आल्यावर म्हातारीनं ओलाइयाचं घर सांगितलं. मुरासच्या पुलापलीकडं, अंजिराच्या झाडाचं. बस परतताना मुरासवरूनच जाते. मी सेराफीनला म्हटलं, मला तिथं पुलापाशी उतरव.

“परत उतरायचं?” त्यानं कपाळाला हात लावला. “आता तिथं कोण राहिलंय?”

“जिवंत माणूस आहे या वेळी,” मी म्हटलं.

ओलाइया दार उघडेल की लावून घेईल, हे मला ठाऊक नव्हतं. लावून घेतलं तर मी अंगणात बसेन, असं मी ठरवलं. पुढच्या रविवारीही जाईन. मी आत्याची काठी तिला परत करायला गेले, तेव्हा ती आपली पिशवी मांडीवर घेऊन दारालगतच्या जागेवर बसली होती.

“ठेव तुझ्याकडेच,” ती म्हणाली. “मीही उतरतेय. एकटीनं सांगशील, तर तिला वाटेल पुस्तकातलं सांगतेयस.”

सेराफीननं गाडी सुरू केली.